छपरावरचें यंत्र आणि भिंतीवरची कळ

अमेरिकेंत मुलाकडे किंवा मुलीकडे जाऊन आलेल्या आपल्यापैकीं पुष्कळांनीं तेथील दुकानें, शाळा, दवाखाने आणि ग्रंथालयें पाहिलीं असतील. या इमारती बहुधा बैठ्या, लांबरुंद आणि सपाट छपराच्या. बाहेर १०० अंश फॅरनहाइटचें ऊन असो कीं गुडघाभर बर्फ असो, आंत पाऊल टाकलें कीं हवा सारखीच सुखकर. यंत्र मात्र कोठेंहि दिसत नाहीं. छतांतील जाळीमधून हवा येते, आणि एखाद्या भिंतीवर तळहाताएवढी एक डबी असते. तिच्यावर उष्णतामानाचा आंकडा दिसतो. ती डबी म्हणजे थर्मोस्टॅट. खरें यंत्र आपल्या डोक्यावर, छपरावर, उन्हापावसांत बसलेलें असतें: करड्या पत्र्याचें, एखाद्या मालमोटारीच्या हौद्याएवढें खोकें. त्या डबीपासून त्या खोक्यापर्यंत ज्या तारा जातात, आणि त्या खोक्याला वीज पुरविणाऱ्या ज्या दुसऱ्या तारा असतात, त्यांच्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

विषय रूक्ष वाटेल हें मी जाणून आहें. परंतु या तारांविषयीं दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. डबीवरचा आंकडा पुष्कळ खालीं नेला म्हणजे गारवा लवकर येतो, हा पहिला. त्यानें पैसे जातात. डबीवर ‘बंद’ केलें म्हणजे छपरावरचें यंत्र निर्जीव झालें, हा दुसरा. त्यानें माणसें जातात.

प्रथम त्या खोक्यांत काय असतें तें थोडक्यांत सांगतों. आपल्या घरच्या फ्रीजमध्यें जें असतें तेंच येथें मोठ्या प्रमाणावर असतें. वायु दाबणारा काँप्रेसर, उष्णता बाहेर टाकणारी एक नळ्यांची जाळी व तिच्यावरचा पंखा, उष्णता शोषून घेणारी दुसरी जाळी, आणि तिच्यावरून इमारतींतील हवा खेळविणारा एक मोठा पंखा, ज्याला ब्लोअर म्हणतात. थंड प्रदेशांत याच खोक्यांत गॅसची शेगडीहि असते, म्हणजे एकच यंत्र उन्हाळ्यांत थंड आणि हिवाळ्यांत गरम हवा देतें. यंत्राचें बळ टनांत मोजतात. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळावयास जितकी उष्णता लागेल, तितकी उष्णता तेवढ्याच वेळांत आंतून बाहेर काढणारें यंत्र तें एक टनाचें. आपल्या झोपण्याच्या खोलींत एक किंवा दीड टनाचें यंत्र पुरतें. छपरावरचीं हीं यंत्रें ३ टनांपासून २५ टनांपर्यंत आणि त्याहूनहि मोठीं असतात.

आपल्या घरीं यंत्र आणि त्याला हुकूम देणारा माणूस एकाच खोलींत असतात. तेथें यंत्र छपरावर, माणूस खालीं, आणि मध्यें शंभरदीडशें फुटांचें अंतर. हा हुकूम वर कसा पोंचवावयाचा? याचें मूळ उत्तर एका शिक्षकानें शोधलें. विस्कॉन्सिन संस्थानांत व्हाइटवॉटर या गांवीं शिक्षक तयार करणारें एक विद्यालय होतें, आणि तेथें वॉरेन जॉन्सन नांवाचे प्राध्यापक शिकवीत असत. हिवाळ्यांत इमारत तापविण्याची भट्टी तळघरांत. वर्ग थंड आहे कीं गरम, हें पाहण्यासाठीं नोकर पुन्हा पुन्हा वर्गांत शिरे आणि शिकविण्याचा विरस होई. जॉन्सन यांनीं वर्गांत एक विद्युत्-साधन बसविलें. खोलीचें उष्णतामान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलें कीं तळघरांत घंटा वाजे, आणि तेथला माणूस त्याप्रमाणें झडपा उघडी किंवा मिटी. १८८३ सालीं त्यांना या साधनाचें पेटंट मिळालें.

त्या पहिल्या तारेनें एक कणभरहि उष्णता वाहिली नाहीं. तिनें फक्त निरोप दिला. काम दुसऱ्यानेंच केलें. आजच्या छपरावरील यंत्रांतहि हीच व्यवस्था आहे. तळघरांतील माणसाच्या जागीं एक विद्युत्-चुंबक आला, एवढाच फरक.

आतां या निरोपाच्या तारा पाहूं. रेडिओवरून आकृति दाखवितां येत नाहीं. म्हणून आपण आपला उजवा हात पुढें धरावा. आंगठा ही लाल तार. तर्जनी पिवळी, मधलें बोट हिरवें, अनामिका पांढरी आणि करंगळी निळी. थर्मोस्टॅटमागें या तारा ज्या स्क्रूंना जोडलेल्या असतात, त्यांच्याजवळ आर, वाय, जी, डब्ल्यू आणि सी अशीं इंग्रजी अक्षरें असतात. पहिलीं चार त्या त्या रंगांच्या इंग्रजी नांवांचीं आद्याक्षरें आहेत, पांचवें ‘सामाईक’ तारेचें. रंग हा मात्र केवळ रिवाज आहे. घाईंत असलेल्या एखाद्या वायरमननें हातास येईल ती तार कोठेंहि जोडलेली असूं शकते. म्हणून शहाणा कारागीर रंगावर विश्वास ठेवीत नाहीं, तो तारेचीं दोन्ही टोकें पाहतो.

या तारांतील विजेचा दाब केवळ २४ व्होल्ट असतो. यंत्रांत एक लहानसा ट्रान्स्फॉर्मर असतो. तो छपरावरच्या बलिष्ठ विजेंतून ही सौम्य वीज तयार करतो. आंगठ्याची लाल तार ही वीज खालीं घेऊन येते. थर्मोस्टॅट स्वतः कांहींच निर्माण करीत नाहीं. तो आंगठा दुसऱ्या बोटाला टेकवितो किंवा दूर करतो. आंगठा मधल्या बोटाला टेकला कीं ब्लोअर सुरू होतो. आंगठा तर्जनीला व मधल्या बोटाला एकदम टेकला कीं काँप्रेसर आणि ब्लोअर दोन्ही चालतात, म्हणजे गारवा मिळतो. आंगठा अनामिकेला टेकला कीं शेगडी पेटविण्याचा हुकूम जातो. करंगळीची निळी तार परतीची आहे. हुकूम बजावून झालेला प्रवाह याच सामाईक वाटेनें ट्रान्स्फॉर्मरकडे परततो. आंगठा करंगळीला मात्र कधींहि टेकतां कामा नये. तसें झालें कीं प्रवाह कामावर न जातां सरळ घरीं पळतो आणि ट्रान्स्फॉर्मरचा फ्यूज, किंवा फ्यूज नसल्यास ट्रान्स्फॉर्मरच, जळतो. वीज चालू ठेवून हौसेनें नवी डबी बसवूं पाहणाऱ्या पुष्कळ गृहस्थांनीं हा प्रयोग नकळत केलेला आहे. जुन्या डब्यांना करंगळीची गरजच नसे. त्यांच्यांत पाऱ्याची नळी किंवा दोन धातूंची पट्टी असे. आजच्या डब्यांत लहानसें संगणक-यंत्र असतें. त्याला स्वतःच्या पोटापुरती वीज लागते, म्हणून पांचवी तारहि भिंतीपर्यंत आणावी लागते.

पिवळ्या तारेनें वर गेलेला प्रवाह कॉन्टॅक्टर नांवाच्या वस्तूंत शिरतो. कॉन्टॅक्टर म्हणजे एका वेटोळ्याभोवतीं रचलेला विद्युत्-चुंबक. वेटोळ्यांतून २४ व्होल्टचा प्रवाह गेला कीं तो एक लोखंडी पट्टी ओढून घेतो, ‘खट्’ असा आवाज होतो, आणि त्या पट्टीवरचे रुपेरी ठोकळे काँप्रेसरच्या जाड तारा एकमेकींस जोडतात. पिवळ्या तारेंतून एक अँपिअरहून कमी प्रवाह जात असतो. त्याच्या इशाऱ्यानें पलीकडे वीस, तीस, पन्नास अँपिअर वाहूं लागतात.

एवढें समजल्यावर पहिल्या गैरसमजाचें उत्तर आपोआप मिळतें. बोट टेकलें आहे किंवा नाहीं, एवढेंच यंत्राला कळतें. किती जोरानें टेकलें हें कळत नाहीं. खोली ८० अंशांवर आहे आणि आपणांस ७४ हवे आहेत, म्हणून आंकडा ६५ वर नेला, तरी काँप्रेसर त्याच वेगानें चालेल. तो ७४ वर थांबणार नाहीं, एवढाच परिणाम. मग तासाभरानें लोक शाली शोधूं लागतात आणि कोणी तरी आंकडा ७८ वर नेतो. मोठ्या यंत्रांत काँप्रेसर दोन असतात व दुसऱ्यासाठीं आणखी एक पिवळी तार असते. तेथें आंकडा फार खालीं नेल्यास दुसरा काँप्रेसर लवकर जागा होईल हें खरें. परंतु गरज असेल तर तो थोड्या वेळानें आपण होऊनच येतो.

आतां माझ्या मतें या विषयांतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट सांगतों. पिवळी तार कॉन्टॅक्टरपर्यंत सरळ जात नाहीं. वाटेंत तिला कांहीं चौक्या लागतात. वायूचा दाब फार वाढला तर उघडणारा एक स्विच. फार कमी झाला तर उघडणारा दुसरा. आंतल्या जाळीवर बर्फ सांचूं लागला तर उघडणारा तिसरा. पाण्याची निचऱ्याची नळी तुंबून तबक भरलें तर उघडणारा चौथा. सर्व एकापुढें एक, साखळीच्या कड्यांसारखे. कोणत्याहि एका कडीला ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार आहे, आणि एकीनें नाहीं म्हटलें कीं हुकूम तेथेंच थांबतो. मिनिटाला २,००० घनफुटांहून अधिक हवा खेळविणाऱ्या यंत्रांच्या हवामार्गांत धूर ओळखणारें साधन बसवावें असा तेथील नियम आहे. तें साधनहि याच साखळींत बसतें. इमारतींत एका कोपऱ्यांत आग लागली तर छपरावरच्या ब्लोअरनें तो धूर सगळ्या खोल्यांना वांटूं नये, हा हेतु.

पांढऱ्या तारेची साखळी याहूनहि कडक असते, कारण पुढें गॅस आहे. हुकूम मिळाल्यावर प्रथम एक छोटा पंखा शेगडींतील जुनी हवा बाहेर ओढतो. तो खरोखरच ओढीत आहे, अशी ग्वाही दाबाचा स्विच देतो. मग ठिणगी पडते, मग गॅसची झडप उघडते. आणि ज्योत पेटली कीं नाहीं हें कोण पाहतें? येथें मोठी मौज आहे. ज्योतींतून वीज वाहूं शकते. ज्योतींत धरलेल्या एका धातूच्या काडीवाटे अँपिअरचे कांहीं दशलक्षांश भाग एवढा सूक्ष्म प्रवाह जातो. तो मिळाला तर ज्योत आहे, न मिळाला तर कांहीं सेकंदांत गॅस बंद. ब्लोअर नंतर सुरू होतो, म्हणजे आरंभीं लोकांच्या अंगावर थंड हवा येत नाहीं.

यंत्र बंद पडतें तें बहुतेक वेळां यांपैकीं एखादी कडी उघडल्यामुळें. दुकानांत गिऱ्हाइकें घामाघूम झालेलीं, मालक फोनवर फोन करीत आहे, आणि छपरावर उन्हांत उभा असलेला कारागीर त्या स्विचच्या दोन टोकांना तारेचा एक तुकडा लावून कडी ओलांडतो. ‘खट्’ आवाज होतो, यंत्र चालूं लागतें, खालीं सर्वजण त्याला दुवा देतात. दोष शोधण्यासाठीं क्षणभर असें करून पाहणें ही वेगळी गोष्ट. तो तुकडा तेथेंच ठेवून खालीं उतरणें हा माझ्या दृष्टीनें अपराध आहे. दाबाची कडी ओलांडली तर काँप्रेसर जळूं शकतो आणि मालकाला मोठा भुर्दंड बसतो. शेगडीची अतिउष्णतेची कडी ओलांडली तर तापलेला पत्रा तडकतो आणि जळालेल्या गॅसचा विषारी वायु इमारतीच्या हवेंत मिसळूं शकतो. त्याला वास नसतो. कडी उघडली ती बहुधा अगदीं साध्या कारणानें: धुळीनें भरलेली गाळणी, सुटलेला पट्टा, नळींत अडकलेलीं पानें. निरोप अडविणाऱ्याला दूर करण्यापेक्षां त्यानें तो कां अडविला हें विचारावयास दहा मिनिटें अधिक लागतात.

आतां बलिष्ठ तारांकडे वळूं. अमेरिकेंतील घरांत भिंतीच्या प्लगला १२० व्होल्ट असतात, आपल्याकडे २३०. व्यापारी इमारतींत तीन फेजची वीज असते. लहान इमारतींत दोन फेजांमधील दाब बहुधा २०८ व्होल्ट, मोठ्यांत ४८०. खोक्यावर एक धातूची पाटी असते, तिच्यावर दोन आंकडे महत्त्वाचे: तारेनें किमान किती अँपिअर वाहण्यास समर्थ असावें, आणि फ्यूज जास्तींत जास्त किती अँपिअरचा चालेल. समजा, काँप्रेसर २० अँपिअर घेतो, ब्लोअर ६ आणि बाहेरचा पंखा २. सर्वांत मोठ्या मोटारीचे सव्वापट धरून इतरांचे मिळवावयाचे: २५ अधिक ८, म्हणजे ३३ अँपिअरची तार हवी. फ्यूज मात्र पाटीवर ५० अँपिअरपर्यंत दिलेला आढळेल. तार ३३ ची आणि फ्यूज ५० चा, हें पाहून नवशिका दचकतो. पण काँप्रेसर सुरू होण्याच्या क्षणीं नेहमींच्या पांचसहा पट प्रवाह ओढतो. फ्यूज लहान ठेवला तर तो रोज उडेल. म्हणून मोठा फ्यूज तारा एकमेकींस भिडल्या तर सांभाळतो, आणि मोटारीवर पडणारा अतिभार मोटारीच्याच अंगावरची वेगळी कळ सांभाळते.

२०८ व्होल्टच्या इमारतींत एक बारीकशी चूक वारंवार होते. कारखान्यांतून येणाऱ्या यंत्राचा ट्रान्स्फॉर्मर पुष्कळदां २३० व्होल्टच्या टोकाला जोडलेला असतो. शेजारींच २०८ चें टोक असतें, आणि तार तेथें हलविणें हें बसविणाऱ्याचें काम. तें राहून गेलें तर २४ ऐवजीं सुमारें २१.७ व्होल्ट मिळतात. यंत्र चालतें, कोणाला संशय येत नाहीं. मग भर दुपारीं, शहरांत विजेचा दाब उतरला कीं, चुंबकाची पकड सैल होते, कॉन्टॅक्टर टरटर वाजूं लागतो, ठोकळे ठिणग्यांनीं जळतात. दोष यंत्राचा म्हणून यंत्र बदललें जातें. वस्तुतः एका तारेची जागा बदलणें पुरे होतें.

तीन फेजांचा क्रमहि संभाळावा लागतो. तीन तारांपैकीं कोणत्याहि दोन अदलाबदल झाल्या कीं मोटार उलटी फिरते. हल्लींचे पुष्कळ काँप्रेसर चक्राकार धाटणीचे असतात; ते उलटे फिरले तर मोठा खडखडाट करतात आणि वायु मुळींच दाबीत नाहींत. ब्लोअर उलटा फिरला तर गंमत अशी कीं हवा त्याच दिशेला येते, पण अगदीं मंद. त्यामुळें फसगत होते. सर्वच मोटारी उलट्या फिरत असतील तर उपाय एकच: यंत्राच्या आंतील तारांना हात न लावतां बाहेरून येणाऱ्या तीन तारांपैकीं दोन बदलाव्या. आंत बदल केला तर एक मोटार सुलटी होते आणि दुसरी उलटीच राहते.

निरोपाची तार आणि बलिष्ठ तार एकाच नळींतून नेण्यास तेथील नियमांत मनाई आहे. नळी वांचते म्हणून लोक हा मोह करतात. पण बलिष्ठ तारेचें वेष्टण कोठें झिजलें तर ४८० व्होल्ट निरोपाच्या तारेवाटे सरळ भिंतीवरच्या डबींत येतील, आणि त्या डबीला शाळेंतलें कोणतेंहि पोर हात लावतें.

दुसऱ्या गैरसमजाकडे मी मुद्दाम शेवटीं येत आहें. भिंतीवर ‘बंद’ केलें म्हणजे आंगठा बोटांपासून दूर झाला. चुंबक सुटला, काँप्रेसर थांबला, पंखे थांबले. छपरावर शांतता पसरते, आणि त्या शांततेवर विश्वास ठेवून माणूस झांकण काढून हात घालतो. परंतु कॉन्टॅक्टरच्या एका बाजूला मेन स्विचकडून आलेली वीज तशीच उभी आहे. इतकेंच नव्हे, कांहीं यंत्रांत काटकसरीसाठीं तीन फेजांपैकीं दोनच फेज तोडणारा कॉन्टॅक्टर असतो; तिसरी तार अखंड मोटारीपर्यंत जाते. मोटार फिरत नाहीं, पण तिचीं टोकें जिवंत असतात. काँप्रेसरच्या तळाशीं तेल ऊबदार ठेवणारी एक छोटी तापक-पट्टी असते. ती तर काँप्रेसर थांबला म्हणजेच तापूं लागते. पंख्यांच्या मोटारींजवळ कपॅसिटर असतात. वीज तोडल्यावरहि त्यांच्यांत भार शिल्लक राहूं शकतो.

याच कारणास्तव अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत्-संहितेनें, जी प्रथम १८९७ सालीं निघाली, असा दंडक घातला आहे कीं यंत्राचा मेन स्विच यंत्राजवळून दिसेल असा, आणि ५० फुटांच्या आंत असावा. कारागीर वाकून काम करीत असतांना खालच्या मजल्यावरच्या कोणीं तरी ‘हा स्विच कां पडला आहे?’ म्हणून तो वर करूं नये, यासाठीं ही योजना. त्यावर स्वतःचें कुलूप घालून किल्ली स्वतःच्याच खिशांत ठेवावी, आणि त्यानंतरहि मापक लावून तिन्ही तारा खरोखर मृत आहेत कीं नाहींत तें पाहावें. मापकहि आधीं एखाद्या जिवंत तारेवर तपासून घ्यावा, कारण बिघडलेला मापक सर्वच तारांना मृत म्हणतो. दिव्यासाठीं किंवा हत्यारासाठीं लांबून तार ओढावी लागूं नये म्हणून यंत्रापासून २५ फुटांच्या आंत १२० व्होल्टचा एक प्लग असावा असाहि नियम आहे. तेथील छपरांवर तो पाहून मला हायसें वाटलें.

डबीच्या जागेविषयीं दोन शब्द. ती जमिनीपासून सुमारें ५ फुटांवर, आंतल्या भिंतीवर असावी. ऊन, दरवाजा किंवा कॉफीचें यंत्र जवळ नसावें. तारा बाहेर येण्यासाठीं भिंतीला पाडलेलें भोंक बुजविलेलें असावें, नाहीं तर पोकळ भिंतींतील थंडगार झुळूक थेट डबीच्या पाठीवर येते, आणि खोली उकडत असतांना डबीला मात्र हिवाळा वाटतो. एकाच दालनावर दोन यंत्रें असतील तर दोन्ही डब्यांवर सारखेच आंकडे ठेवावे. नपेक्षां एक यंत्र थंड हवा देत असतें, दुसरें गरम, आणि दोन्हींचें बिल एकाच मालकाला येतें. तापविण्याचा आणि थंड करण्याचा आंकडा यांत निदान ५ अंश फॅरनहाइटचें अंतर राहावें असें तेथील ऊर्जाविषयक मानकांत सांगितलें आहे तें याचसाठीं.

काम संपवून मेन स्विच पुन्हा चढविल्यावर यंत्र लगेच सुरू झालें नाहीं तर घाबरूं नये. काँप्रेसरला तीनपांच मिनिटें विसांवा देणारें घड्याळ आंत असतें. मेन स्विच मात्र कांहीं दिवस किंवा सबंध हिवाळाभर बंद असेल, तर वीज आदल्या दिवशींच द्यावी, भिंतीवर ‘बंद’ ठेवावें, आणि थंडावलेल्या तेलांत मुरलेला वायु त्या तापक-पट्टीनें बाहेर निघून जाण्यास २४ तासांचा अवधि द्यावा.